वाचनालयाचं काळंकुळकुळीत पार्किंग

१३ मे, मंगळवार

आजपासून लिहून ठेवायला लागलो आहे. कोणत्या बैठकीत मी काय बोललो हे मला आठवत नाही, आणि जॉयसला सगळं आठवतं. नवरा-बायकोच्या भांडणात सगळे पुरावे एकाच बाजूला असणं बरं नव्हे.

नगर परिषदेचा सदस्य मी आहेच, आज परिषदेने मला पाणी समितीचा अध्यक्षही केलं. नगराध्यक्षा कार्ला ब्रँडेल सगळ्यांसमोर म्हणाल्या की केटलबर्गात एल्डन पेल्कीइतकं डांबर कोणालाच कळत नाही. खोटं कशाला बोला, खरंच आहे ते. उभा जन्म मी लोकांच्या ड्राइव्हवेंना सीलकोटचा काळा लेप लावत आलो. धंदा विकला, पण गल्लीतून जाताना कोणाचं डांबर करडं पडलंय ते अजून पहिल्या नजरेत दिसतं. ड्राइव्हवे काळा असला की समजावं, घरातली माणसं धड आहेत.

समितीचं काम असं की पाऊस बिघडला आहे. पूर्वी आठवडाभर पडायचा तेवढा आता दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पडून मोकळा होतो, आणि टेकडीवरचं सगळं पाणी खालच्या टॅनरी स्ट्रीटवर जातं. परिषदेच्या तरुण इंजिनियर मायसी थाओ यांनी नकाशे लावून सांगितलं की पाणी गटारात ढकलायचं नाही, जागच्या जागी जिरवायचं. रस्त्याच्या कडेला उथळ चर खणून त्यात इथलीच गवतं आणि फुलझाडं लावायची. टेकडीवरच्या वाचनालयाचं पार्किंग उखडायचं आणि तिथे असं डांबर घालायचं की पाणी आरपार खाली जाईल.

मी म्हटलं, "बाई, डांबरात पाणी शिरू नये म्हणून मी जन्म घालवला."

"म्हणूनच तुम्ही समितीत असलेले बरे," थाओबाई म्हणाल्या. कौतुकच असावं.

१४ मे, बुधवार

आर्लिनकडे गेलो होतो. ही माझी थोरली बहीण, टॅनरी स्ट्रीटवर अगदी उताराच्या पायथ्याशी राहते. तिच्या तळघरात डेल्मारने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने बार बांधला होता. ओकचं लाकूड, पितळेची दांडी, मागे आरसा. डेल्मार गेला, पण दर बुधवारी तिथे चार म्हाताऱ्या ब्रँडी घेऊन पत्त्यांचा, शीप्सहेडचा डाव मांडतात आणि एकमेकींची पानं चोरून बघतात. गेल्या काही वर्षांत तळघरात इतक्यांदा पाणी शिरलं की लाकूड खालून फुगलंय.

परिषदेचा एक गट म्हणतो, ती गल्लीच विकत घ्या आणि घरं पाडून टाका. त्यांचा म्होरक्या रँडी स्टुब्बे. त्याला तिथे होड्या उतरवायला धक्का हवाय, कारण त्याच्याकडे होडी आहे. ठरलंय असं की उन्हाळाभर वाचनालयाच्या पार्किंगकडे बघायचं. ते पाणी पचवू शकलं तर गल्ली राहील, नाहीतर सप्टेंबरात पाडायचा ठराव येईल.

मी आर्लिनला सांगितलं, अध्यक्ष मी आहे, काळजी सोड. तिने पानं पिसता पिसता माझ्याकडे पाहिलं.

"डेल्मार या घरातून गेला, मीही इथूनच जाणार. त्याआधी मला कोणी हलवायचं नाही. एवढंच बघ, एल्डन. फार डोकं लढवू नकोस."

डोकं लढवू नकोस म्हणजे काय? अध्यक्ष उगाच केलंय का मला?

१० जून, मंगळवार

जाहीर सुनावणी. सभागृह खच्चून भरलं होतं. हवामान या विषयावर कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण सगळा वेळ पार्किंगच्या जागा किती कमी होणार यावर गेला. चरांमुळे रस्त्यावरच्या काही जागा जाणार म्हटल्यावर लोकांचे चेहरे असे झाले की जणू घरातलं माणूस दवाखान्यात ठेवलंय. एका बाईंना भीती की रानगवतात गोचिड्या होतील. एका गृहस्थांनी विचारलं, पाणी आरपार जातं तर गाडीचं तेलही जाईल, मग ते विहिरीत आलं तर कॉफी कशी लागेल? थाओबाईंनी प्रत्येकाला शांतपणे उत्तर दिलं. त्यांचं उत्तर संपेपर्यंत विचारणारे आपला कोट शोधत असायचे.

रँडी म्हणाला की या फुलझाडांनी शहर बेवारशी दिसेल. शेवटी मी तोड काढली. प्रत्येक चराभोवती कापलेल्या लॉनचा काठ ठेवायचा, म्हणजे आतलं गवत मुद्दाम वाढवलंय हे लोकांना कळेल. टाळ्या पडल्या. थाओबाईंनीही मान डोलावली, जरा उशिरा.

१७ जुलै, गुरुवार

आज मी चमत्कार पाहिला. हा शब्द मी चर्चबाहेर वापरत नाही.

वाचनालयाचं नवं डांबर तयार झालं. खाली खडीचा जाड थर, वर हे सच्छिद्र डांबर. थाओबाईंनी अग्निशमनची गाडी बोलावली आणि पाण्याचा लोट सोडला. पाणी पडलं आणि गेलं. वाहिलं नाही, साचलं नाही, नुसतं गेलं. मी गुडघ्यावर बसून हात लावला, तर वरचा थर ओलसर, बस. मग कोणी बघत नाही असं पाहून मी माझी कॉफीही ओतली. तीही गेली.

आता पाणी खाली मुरणार म्हणून पार्किंगमधली गटारांची जुनी तोंडं बुजवून टाकली आहेत. मी थाओबाईंना म्हटलं की जन्मभर मी चुकीच्या बाजूने लढत होतो. त्या हसल्या. मनापासून हसल्या की बऱ्या दिसतात. संध्याकाळी आर्लिनला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्याला हात लावू नका कोणी." तिला कशाचंच कौतुक नसतं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

शुक्रवारची तळलेली मासळी खायला क्लबात गेलो होतो. गेले दोन आठवडे मी भेटेल त्याला पार्किंगवर नेऊन पाणी ओतून दाखवतो आहे. जॉयस म्हणते, तू गाडीत घागर घेऊन फिरणारा शहरातला एकमेव माणूस आहेस. म्हणेना का. नव्या गोष्टीसाठी कोणीतरी वेडं व्हावंच लागतं.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ते डांबर दिसतं भिकार. काळं नाहीच, करडं आहे, आणि शेंगदाण्याच्या चिक्कीसारखं खडबडीत. आज रँडी बारपाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रे एल्डन, जन्मभर लोकांचे ड्राइव्हवे चमकवलेस आणि स्वतःच्या पार्किंगला मात्र जळका टोस्ट घातलास?" सगळे हसले. मीही हसलो. मासळी अर्धी टाकली.

एकवीस तारखेला उद्घाटन आहे. राज्याच्या राजधानीतून पाहुणे येणार, शेजारच्या शहरांचे नगराध्यक्ष येणार, फोटो निघणार. त्या फोटोत ते करडं दिसणार.

१७ ऑगस्ट, रविवार

अंग ठणकतंय, पण मन भरून आलंय.

चर्च सुटल्यावर शिकार क्लबचे चौघे जुने दोस्त बोलावले. माझा धंदा आता भाच्याकडे आहे. त्याच्याकडून पिंपं आणि रबरी पाती उसनी आणली आणि दिवसभर खपून वाचनालयाच्या पार्किंगला दोन हात सीलकोट मारला. हात आखडता घेतला नाही. भोकं मोठी असल्यामुळे माल भरपूर बसला. परिषदेकडून एक पैसा घेतला नाही, शहराला माझी भेट. थाओबाई बहिणीच्या लग्नाला मिनेसोटात गेल्या आहेत, म्हणजे परत आल्यावर त्यांनाही अचानक आनंद होईल.

संध्याकाळचं ऊन त्यावर पडलं तेव्हा मी टोपी काढली. काळंकुळकुळीत. वाचनालय त्यात उलटं दिसत होतं. माझ्या हातून इतकं सुंदर काम आधी कधी झालं नव्हतं, आणि मला रडू आलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पार्किंगवर चक्कर मारली. सहज म्हणून पेलाभर पाणी ओतलं. ते तिथेच राहिलं. थोडा वेळ पाहिलं, तरी तिथेच. मग उताराकडे निघालं.

मी ते बुटाने पसरून टाकलं. ताजा लेप असाच असतो, आठवडाभर आवळून राहतो आणि मग सैल पडतो. शिवाय भोकं केवढी, लेप केवढा! खालून डांबर तेच आहे, त्याने पाणी पिणं थोडंच सोडलं असेल? नगराध्यक्षा तर पाहून हरखूनच गेल्या. "एल्डन, हे अगदी नव्यासारखं दिसतंय." ते नवंच होतं, पण मी तसं म्हटलं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्घाटन झकास झालं. ऊन चांगलं, चीजच्या वड्या गरमागरम, फीत एका झटक्यात कापली गेली. मी भाषणात म्हटलं की केटलबर्गने पाण्याला घर दिलं. राजधानीच्या पाहुण्यांनी ते वाक्य लिहून घेतलं.

थाओबाई सकाळीच प्रवासातून थेट आल्या. गाडीतून उतरल्या आणि पार्किंगकडे पाहत उभ्याच राहिल्या. मी म्हटलं, "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" मी मान लववून सांगितलं, "मीच." मग त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि उरलेलं सगळं जमिनीवर ओतलं. पाणी पाहुण्यांच्या बुटांखालून निघून गेलं. त्यांचं घराणं मूळचं आशियातलं, त्यांच्या लोकांत शुभकार्याला असं पाणी सोडत असतील, म्हणून मीही टोपी काढली.

नंतर वाचनालयाच्या काचेआड त्यांचं आणि नगराध्यक्षांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. थाओबाई हातवारे करत होत्या आणि नगराध्यक्षा फोटोवाल्याकडे पाहून हसत होत्या. फुलांवरून काही असेल.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

थाओबाईंचे बरेच फोन येऊन गेले. आभार मानायला एवढं मागे लागायची गरज नाही, भेटतील तेव्हा मानतील. खरं सांगायचं तर मला तो फोन उचलावासा वाटत नाही. का, ते माहीत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी पाऊस झाला. पाऊस कसला, आभाळच उपडं झालं.

मी छत्री घेऊन वाचनालयापाशी पोचलो. पार्किंग सुंदर दिसत होतं, एखाद्या काळ्या ताटासारखं, आणि त्या ताटातून पाणी एकसंध पत्र्यासारखं उताराकडे सरकत होतं. एक थेंबही खाली जात नव्हता. गटारांची तोंडं तर आपणच बुजवलेली. मी जिथे उभा होतो तिथे बूट बुडाले. कडेच्या चरांनी बिचाऱ्यांनी झेपेल तेवढं घेतलं, मग तेही भरून वाहायला लागले. सगळं पाणी टॅनरी स्ट्रीटकडे धावत सुटलं होतं, पूर्वी कधी धावलं नसेल इतक्या घाईने.

थाओबाई तिथेच उभ्या होत्या, छत्रीशिवाय. या वेळी मी काही विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. आवाज चढवला नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

"त्या डांबराचं काही चुकलेलं नाही, एल्डन. तुम्ही त्याचं तोंड शिवून टाकलंत. मी त्याच दिवशी नगराध्यक्षांना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, पाहुणे जाऊ देत."

मला सगळं ठाऊक होतं. त्या पेलाभर पाण्यापासून ठाऊक होतं. माझ्याइतकं डांबर कोणालाच कळत नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आर्लिनच्या तळघरात पाणी बारच्या वरपर्यंत चढलं होतं. आज उपसलं. पितळेची दांडी निखळली आहे, ओकच्या फळ्या भाकरीसारख्या फुगून सुटल्या आहेत. ती रबरी बूट घालून खालच्या पायरीवर बसली होती आणि चिकटलेले पत्ते एकेक करून सोडवत होती. डेल्मारचं हे काम आता परत उभं राहणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

मी तिला सांगितलं. सीलकोट, दोन हात, दोस्त, भेट, सगळं. तिने हातातला पत्ता बाजूला ठेवला.

"हे अजून कोणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मला सांगून काय उपयोग? मी गल्ली पाडायला निघालेय का?" तिने ओले पत्ते माझ्या हातात दिले. "ज्यांना सांगायला हवं त्यांना सांग. आणि आता वर जा, मला इथे थोडं बसायचंय."

मी वर आलो आणि अंगणात उभं राहून रडलो. या वेळचं रडू वेगळं होतं.

१० सप्टेंबर, बुधवार

परिषदेच्या कार्यालयात रँडीला जोर चढलाय. म्हणतो, पाहिलंत ना, पाणी जिरवायची ही सगळी थेरं पुस्तकात ठीक. त्याने गल्ली पाडायचा ठराव तेवीस तारखेला लावून घेतला. थाओबाईंचा अहवाल नगराध्यक्षांनी पुढच्या महिन्यावर ढकलला, म्हणजे आधी निर्णय आणि मग कारण. कर्मचाऱ्यांनी विचारल्याशिवाय सभेत बोलायचं नाही, असंही पत्रक निघालं.

मी बोलणार आहे. निवेदन लिहायला घेतलंय. पहिलं वाक्य असं जमलं: "सदर पृष्ठभागावर काही प्रमाणात देखभालीचं काम झाल्याचं निदर्शनास आलं आहे." जॉयसने वाचलं आणि विचारलं, "हे काम कोणी केलं, भुतांनी?" फाडून टाकलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

अखेर निवेदन झालं. "मी पार्किंगला सीलकोट मारला. म्हणून पाणी मुरलं नाही. चूक माझी आहे." एवढंच. आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटच्या वाक्याला दर वेळी खोकला येतो.

२३ सप्टेंबर, मंगळवार

लिहून टाकतो, नाहीतर उद्या मला हवं तसं आठवेल.

सभागृह भरलेलं. आर्लिन पहिल्या रांगेत, चर्चला घालते तो निळा कोट घालून. तिच्या शेजारी थाओबाई. ठराव वाचला गेला. मी खिशातून कागद काढला आणि उभा राहिलो. खरंच उभा राहिलो.

तेवढ्यात परिषदेच्या वकिलांनी घसा खाकरला. म्हणाले, सदस्य पेल्की यांची सख्खी बहीण त्या गल्लीत राहते, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांना या विषयावर बोलता येणार नाही आणि मतही देता येणार नाही. त्यांनी खुर्ची सोडून मागे बसावं. मे महिन्यापासून हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आज आलं. रँडी छताकडे बघत होता.

मी कागदाची घडी घातली आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन बसलो.

मग नागरिकांची तीन-तीन मिनिटं सुरू झाली आणि आर्लिन उठली. थाओबाईंकडून तिने कापडी पिशवी घेतली आणि आतून पार्किंगचा कापून काढलेला गोल तुकडा काढला, जाडजूड केकएवढा. तो तिने नेऊन थेट नगराध्यक्षांच्या टेबलावर ठेवला.

"मी आर्लिन झेल्मर, टॅनरी स्ट्रीट. वरून हा तुकडा किती छान काळा आहे बघा. हे माझ्या भावाचं काम. त्याने तुमच्या पार्किंगला वार्निश फासलं, फोटोत बरं दिसावं म्हणून."

असं म्हणून तिने नगराध्यक्षांचाच कॉफीचा पेला उचलला आणि तुकड्यावर अर्धा ओतला. कॉफी चारही बाजूंनी ओघळली, ठरावाच्या प्रतींवर, वकिलांच्या मांडीवर. मग तिने तुकडा उलटा केला, टेबलाच्या कडेला धरला आणि उरलेली कॉफी आत रिचवली. आता खाली आलेल्या काळ्या लेपाची एक कड तिने घरी छिन्नीने खरवडून ठेवली होती. कॉफी आरपार गेली आणि गालिच्यावर टपकली.

"माझं घर पाडा नाहीतर ठेवा," ती म्हणाली. "पण खोट्या कारणासाठी पाडू नका. डांबर शहाणं होतं. माझा भाऊ मूर्ख होता. त्याला विचारायचं असेल तर तो तिथे मागे बसलाय."

सगळी मुंडकी माझ्याकडे वळली. बोलायची मला परवानगी नव्हती. मी मान हलवली, हो म्हणून.

गालिच्याचा डाग निघेल का यावर आधी चर्चा झाली. मग नगराध्यक्षांनी थाओबाईंना एकदाचं विचारलं, त्यांनी पाच वाक्यांत सांगितलं, आणि ठराव बारगळला. पार्किंगचा वरचा थर खरवडून नव्याने घालायचा, गल्लीला हात लावायचा नाही. शिवाय एकमताने ठरलं की पार्किंगवर "येथे सीलकोट मारू नये" अशी पाटी लावायची. पाटीचा रंग काय असावा यासाठी उपसमिती नेमली. रँडी तिचा अध्यक्ष.

बाहेर आलो तर आर्लिन पायऱ्यांवर उभी होती. माझ्या अंगात एकदम हलकेपणा आला होता. मी म्हटलं, घर राहिलं, आर्लिन. आणि मी उभा राहिलो होतो, पाहिलंस ना? कागद हातात होता. त्या वकिलाने बसवलं नसतं तर मीच सांगितलं असतं.

"उभा राहिलास ते पाहिलं," ती म्हणाली. "वकील तुला बस म्हणाला तेव्हाचा तुझा चेहराही पाहिला. सुटलास बाबा एकदाचा, असा होता. तो पाहिला म्हणून मी उठले."

ती खोटं बोलत नव्हती. वकिलांनी बसा म्हटल्यावर मला खरंच हायसं वाटलं होतं, तिचं घर जाणार होतं तरी.

तिने मला सोडायला येऊ दिलं नाही, थाओबाईंच्या गाडीतून गेली. घरी आलो तेव्हा जॉयसने दारातच विचारलं, काय झालं. मी म्हटलं, घर वाचलं. कसं वाचलं, हे तिने विचारलं नाही.